सत्तर पानांचं पुडकं

पोरांना समुद्र पाहायचा होता. थोरलीच्या वर्गातल्या दोघी-तिघी दर उन्हाळ्यात गुहागर-मालवणकडे आजोळी जातात आणि जूनमध्ये दप्तरातून शंख-शिंपले आणतात. माझ्या पोरांचं आजोळ गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात. समुद्र तिथून कुठेच जवळ नाही. पण पाण्याचा काठ आहे. गावाला तलाव आहे आणि माझ्या माहेरचं घर तलावाच्या पाळीपासून दोनशे पावलांवर. तेव्हा यंदाही मे महिन्यात आम्ही तिकडेच गेलो, चांगले पंधरा दिवस. ह्यांना रजा नव्हती, म्हणून मी आणि दोन्ही पोरं.

पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने गोंदिया गाठायला एक रात्र आणि जवळजवळ सगळा दिवस जातो. वर्धा मागे पडलं की डब्यातली बोली बदलते. शेजारची बाई फोनवर कुणाला तरी ‘का करून रायली वं?’ म्हणाली आणि मला एकदम घरी पोहोचल्यासारखं वाटलं. गोंदियाला भाऊ गाडी घेऊन आला होता. कोहमाऱ्यापर्यंत मोठा रस्ता, पुढे नवेगावबांधच्या बाजूने जंगल लागलं. खिडकी उघडली तरी गरम वाफच आत येत होती. घरी पोहोचलो तेव्हा रात्र बरीच झाली होती. माय जागी होती. एचएमटीचा भात, लाखोळीचं वरण, आंब्याचं लोणचं. ‘जेवल्याबिगर कोनी झोपाचं नाई,’ एवढंच बोलली.

हा एचएमटी तांदूळ पुण्यातही मिळतो, पण तो आमच्याच भागातला हे तिकडे कुणाला माहीत नसतं. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी स्वतःच्या छोट्याशा शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून तो तयार केला आणि त्याला नाव मिळालं ते एचएमटी घड्याळावरून. २०१८ साली दादाजी गेले. माझ्या बाबांच्या तोंडी त्यांचं नाव आदरानेच येतं. ताटातलं पहिलं शीत वाढताना ते पोरांना दरवर्षी ही गोष्ट सांगतात आणि पोरं दरवर्षी ऐकतात.

मी खरं तर झोपायला आले होते. मार्चअखेरचं ऑफिस, मग थोरलीची परीक्षा, मग धाकट्याचा टायफॉइड. अंगणात खाट टाकायची, उन्हं येईपर्यंत पडून राहायचं, एवढीच माझी सुट्टी. पहिल्याच पहाटे चारला दाराची कडी वाजली. डोळे उघडून पाहते तर माय निघालेली. लुगड्यावर बाबांचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला फडकं, कमरेला धोतराची गुंडाळी आणि हातात पाण्याची बाटली. तेंदूच्या, म्हणजे बिडीच्या पानांना चालली होती. वय सासष्ट.

भावाला विचारलं तर तो म्हणाला, ‘मी सांगून थकलो. बियाचे पैसे मीच काढतो म्हणते.’ पावसाळ्याआधी धानाचं बी, खत, नांगरणी, सगळं एकदम अंगावर येतं. त्याच्या आधीचे हे दोन-तीन आठवडेच पानांचे. मायने आयुष्यभर ते सोडले नाहीत.

आणि मला मात्र तिने कधीच नेलं नव्हतं. मी मागे लागले की म्हणायची, ‘तुह्या हाताले चीक नको, पुस्तकाले लागल.’ दहावीनंतर मी साकोलीला वसतिगृहात गेले, पुढे नागपूर, पुढे नोकरी. ज्या पानांच्या पैशांतून माझी फी गेली, ती पानं कशी तोडतात हे मला एकेचाळीस वर्षांची होईपर्यंत माहीत नव्हतं. त्या पहाटे खाटेवर पडल्या पडल्या हे मनात आलं आणि पुन्हा झोप लागली नाही. संध्याकाळी मी मायला म्हटलं, उद्या मी येते. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग आत गेली आणि भावाचा सदरा काढून आणला.

थोरलीही आली. तेरा वर्षांची आहे. पहाटे चारला उठवून शाळेला पाठवायचं तर घर डोक्यावर घेईल, पण आजीबरोबर जंगलात म्हटल्यावर आमच्या आधी तयार.

आम्ही दहाजणी होतो. एकटं कुणी जात नाही. नवेगाव-नागझिरा हा २०१३ पासून व्याघ्रप्रकल्प आहे आणि वाघ काही सीमेचा दगड पाहून थांबत नाही. शिवाय मोह आणि टेंभरांच्या, म्हणजे तेंदूच्या फळांच्या दिवसांत अस्वल असतं. पान तोडणारी बाई खाली वाकलेली असते आणि वाकलेलं माणूस जनावराला माणूस वाटत नाही, हे मला त्या वाटेवर एका काकूंनी सांगितलं. म्हणून बायका सारख्या बोलत राहतात. थोड्या थोड्या वेळाने एकजण ‘ओऽ’ करते, बाकीच्या एकामागून एक उत्तर देतात. एक ‘ओऽ’ कमी आला की सगळ्या उभ्या राहतात. थोरलीने पहिल्यांदा लाजत लाजत ‘ओऽ’ दिला, तेव्हा पलीकडून कुणीतरी म्हणालं, ‘हे पाय, पुन्याचीबी बोलली!’

तेंदूचं झाड मोठं होतं, पण बिडीचं पान घेतात ते गुडघ्या-कमरेएवढ्या झुडपांचं. उन्हाळ्याच्या तोंडाशी झुडपं छाटलेली असतात, त्याला नवी पालवी फुटते. पान कोवळं असेल तर तांबूस, हाताला लवदार, आणि ते उपयोगाचं नाही, वाळल्यावर चुरतं. जून झालेलं कडक, तेही नको. मधलं पाहिजे: चामड्यासारखं मऊ, वाकवलं तर मोडणार नाही असं. छिद्र नको, किडीची फोडं नकोत, डाग नको. माय हे सांगत नव्हती, तिचे हात ते करत होते. डाव्या हाताने फांदी खाली ओढायची, उजव्या हाताच्या अंगठ्याने देठ मोडायचं. मोडण्याचा आवाज इतका बारीक, की शेजारी बसल्याशिवाय ऐकू येत नाही. तोडलेलं पान लगेच डाव्या तळव्यावर, देठं एका बाजूला. तळवा भरला की ओच्यात, ओचा भरला की धोतरात. मी दोन पानं पाहून एक तोडायची, तोवर तिचा तळवा भरलेला असायचा.

सातपर्यंत बरं वाटलं. आठला पाठ गेली. बोटांच्या पेरांवर काळा चीक बसला, तो साबणाने जात नाही. झुडपावरच्या लाल मुंग्या मनगटातून सदऱ्यात शिरल्या. मायने थोरलीला एक पिकलं टेंभरं दिलं. पिवळं, वरून कडक, आत गोड आणि चिकट. तिने बी तोंडात तसंच धरून ठेवलं घरी येईपर्यंत. नऊ-साडेनऊला गाठोडी बांधली. माझं डोक्यावर ठेवायला दोघींनी हात लावला. दीड कोसाची वाट, वरून ऊन. पळसांची पानं तेवढी हिरवी, बाकी सगळं भाजलेलं. मी दोनदा थांबले. माय थांबली नाही, थांबलं की उचलायला जड जातं म्हणाली.

घरी येऊन गार पाण्याने आंघोळ, कैरीचं पन्हं, भात, आणि मग जे सुरू झालं त्यासाठीच मी हे लिहायला बसले आहे.

दुपारी बारा ते चार तिकडे माणूस बाहेर पडत नाही. पारा ४४-४५ वर. कूलरला वाळ्याच्या ताट्या, पण वीज असली तर. माय पडवीत बसते. पडवी उत्तरेला आहे, जमीन शेणाने सारवलेली. तिने धोतर सोडून पानांचा ढीग ओतला, वर ओलं फडकं टाकलं. शेजारी पाण्याच्या घमेल्यात वाक भिजत पडलेला. वाक म्हणजे पळसाच्या मुळाची साल ठेचून काढलेला धागा. तो ओला असला की मऊ राहतो आणि वाळला की गाठ आवळते, सुटत नाही.

एका पुडक्यात ७० पानं. महाराष्ट्रात हाच हिशेब चालतो. अशी हजार पुडकी झाली की एक प्रमाण गोणी, म्हणजे ७०,००० पानं. माय पाच-पाच पानं उचलते. अंगठ्याने सरकवून पाच, पुन्हा पाच, ओठ हलत नाहीत. चौदा वेळा हात गेला की गठ्ठा मांडीवर आपटून देठं सारखी करते, वाकाचा फेरा, एक गाठ, बाजूला. डोळे ढिगाकडे नसतातच. ते कधी दारातल्या कोंबडीकडे, कधी माझ्याकडे.

मी एकेक पान मोजत होते. चाळीसपर्यंत गेलं की कुणीतरी काही विचारायचं आणि मी पुन्हा एकपासून. थोरलीने मात्र अर्ध्या तासात पाचाची लय पकडली. तिने गणित केलं: आजीने शंभर पुडकी बांधली तर सात हजार पानं, म्हणजे चौदाशे वेळा हात ढिगात जातो. ‘आजी, रोज चौदाशे वेळा?’ माय म्हणाली, ‘मी कधी मोजलं नाई बाई. मी पानं मोजतो.’ तिकडे बायकाही ‘मी करतो, मी जातो’ म्हणतात. थोरलीला आधी त्याचं हसू यायचं, शेवटच्या आठवड्यात तीही ‘मी येतो’ म्हणू लागली.

त्या पडवीत माय बोलली. फोनवर ती कधी बोलत नाही. जेवलीस का, पोरं बरी आहेत का, ठेवते, संपलं. समोरासमोर बसवलं तरी दोन वाक्यांत उठते, चुलीकडे काम आठवतं. हात गुंतलेले असले की मात्र तिचं तोंड सुटतं. माझी वसतिगृहाची पहिली फी भरायची होती त्या वर्षी मे महिन्यातच वळीव पडला आणि उघड्यावर वाळत पसरलेली पानं काळी पडली, हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हा तिने कानातलं मोडलं होतं. मला वाटायचं ते हरवलं. ‘हरवलं’ असंच तिने सांगितलं होतं. मी मान वर केली नाही. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. त्या पुडक्यात पानं बरोबर सत्तर निघाली.

मग रोज दुपारी हेच. मी झोपले नाही आणि तरी पुण्यात रविवारी बारापर्यंत झोपून जो थकवा जात नाही, तो तिथे चौथ्या-पाचव्या दिवशी गेला. भावजय स्वयंपाक आवरून यायची, शेजारच्या दोघी आपापले ढीग घेऊन यायच्या. कुणाच्या सुनेचं, कुणाच्या गाईचं, कुणाच्या कर्जाचं. मध्येच सगळ्या गप्प, फक्त पानांची सळसळ आणि गठ्ठा मांडीवर आपटल्याचा आवाज.

संध्याकाळी पाचनंतर पुडकी फळीवर न्यायची. फळी म्हणजे पानं गोळा करायची जागा, गावाबाहेरचं मोकळं शेत. तिथे मुन्शी मोजून घेतो, शंभराच्या ओळी लावतो, कार्डावर लिहितो. पूर्वी सगळं ठेकेदाराचं असायचं. वनहक्काचा २००६ चा कायदा आला, गावाला जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, आणि आता आमची ग्रामसभा पानं स्वतः गोळा करून, वाळवून विकते. मुन्शी गावातलाच, बारावी झालेला मुलगा. पहिल्या दिवशी माझी अकरा पुडकी होती. त्याने प्रत्येकात अंगठा घालून पाहिलं आणि तीन परत दिली. एकात पासष्टच पानं, दोनांत छिद्रं. ‘ताई, वाईट नका वाटू देऊ, पन इथं सूट कोनालेच नाई.’ वाईट नाही वाटलं. तो मायचीही पुडकी तशीच पाहत होता. मायने मला तिथेच, उकिडवं बसून, ती तिन्ही सोडून पुन्हा बांधायला लावली. छिद्राची पानं काढली तशी तिनाची दोनच झाली.

धाकटा या सगळ्यात नव्हता. तो आबाजींच्या, म्हणजे माझ्या बाबांच्या मागे. बाबांनी बिडी सोडून नऊ वर्षं झाली. छातीचा डॉक्टर म्हणाला तेव्हा एका दिवसात सोडली. ज्या पानावर आमचं घर चाललं तेच त्यांच्या फुप्फुसात गेलं. याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. बाबा त्यावर बोलत नाहीत. फळीकडे फिरकत नाहीत, एवढंच. त्यांची संध्याकाळ तलावाची.

आमच्या तलावाला मामा तलाव म्हणतात. धाकट्याला इतकी वर्षं वाटायचं की तो त्याच्या मामाचाच तलाव. यंदा आबाजींनी पाळीवर बसवून सांगितलं: मामा म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वी गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यातले. पूर्व विदर्भात असे हजारो तलाव आहेत. त्यांतले कितीतरी दोन-तीनशे वर्षांमागे कोहळी समाजातल्या जाणत्या लोकांनी बांधले. उतार पाहून आडवी मातीची पाळ घालायची, पावसाचं पाणी अडवायचं आणि तुडुमातून, म्हणजे पाळीतल्या दगडी मोरीतून, धानाच्या बांध्यांना सोडायचं. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले, ‘आनि कोनाचेच राह्यले नाई,’ हे आबाजींचं. गाळ साचला, काठाला बेशरम नावाची रानटी झुडपं माजली. आता काही गावांत लोक पुन्हा हात घालताहेत. याच तालुक्यात मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या माणसांबरोबर मनीष राजनकर यांनी वर्षानुवर्षं काम केलं: बेशरम उपटायची, तळ नांगरायचा, पूर्वीच्या पाणवनस्पती लावायच्या, म्हणजे गावठी मासा परत येतो. बाबांनी त्यातल्या एका तलावावर धाकट्याला नेऊनही आणलं. तो घरी येऊन मला पाणवनस्पती का लागतात ते सांगत बसला. मासा अंडी कुठे घालणार, आई?

मे महिन्यात पाणी निम्म्यावर आलेलं असतं. काठाची माती भेगाळलेली, तुडुमाचे दगड उघडे पडलेले, म्हशी गळ्यापर्यंत बुडालेल्या. आम्ही सगळे सहाला पाण्यात. वरचं पाणी कोमट, पायाखाली गार आणि गाळ बोटांतून वर येतो. थोरली पुण्यात पोहायला शिकली आहे, पण तिथे तळ दिसतो. इथे दिसत नाही म्हणून दोन दिवस कमरेच्या पुढे गेली नाही. तिसऱ्या दिवशी मामाच्या पाठीला धरून मध्यापर्यंत जाऊन आली. अंधार पडता पडता ढिवरांचे डोंगे काठाला लागायचे. मरळ मिळाली तर त्या रात्री मरळीचा रस्सा, नाहीतर झिंगे आणि वांगं. जेवून अंगणात खाटा. समुद्राचा विषय निघाला नाही, मीही काढला नाही.

निघायच्या दोन दिवस आधीची रात्र. अकराच्या सुमारास वारा फिरला. पाळीकडच्या ताडांचा आवाज आला आणि माय खाटेवर ताठ बसली. ‘पानी येते,’ म्हणाली. मला काहीच दिसत नव्हतं, चांदण्या होत्या. ती चप्पल न घालता फळीकडे निघालीसुद्धा.

आठ-दहा दिवसांची पानं तिथे उघड्यावर वाळत होती. पुडकी मोकळी मांडून आठवडाभर ऊन द्यावं लागतं, मध्ये पलटावी लागतात. वाळत आलेल्या पानावर पाणी पडलं की काळे डाग येतात आणि त्याला भाव नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा अर्धं गाव तिथे होतं. मोबाईलचे, बॅटरीचे उजेड इकडून तिकडे. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. ओळीच्या एका टोकाला बसायचं, पुडकी ओच्यात गोळा करायची, ढिगावर टाकायची, पुन्हा ओळ. थोरली माझ्या शेजारच्या ओळीत होती. धाकटा ढिगावर ताडपत्री ओढणाऱ्या पोरांत. आणि बाबा आले. कितीतरी वर्षांनी फळीवर आले, काठी बाजूला टाकली, खाली बसून उचलू लागले. धुळीने खोकला लागला तरी उठले नाहीत. माय एकदा त्यांच्याकडे पाहून पुन्हा आपल्या ओळीला लागली.

पाऊस अर्धा तास पडला. बहुतेक सगळं ताडपत्रीखाली गेलं होतं. शेतातल्या खालच्या अंगाच्या चार-पाच ओळी राहिल्या, त्या भिजल्या. आम्ही सगळे चिंब होऊन तिथेच उभे होतो. मातीचा वास आणि ओल्या तेंदूचा वास, जरासा चहाच्या ओल्या पत्तीसारखा.

सकाळी ऊन पडल्यावर आम्ही दोघी पुन्हा गेलो. माय भिजलेल्या ओळीतून एकेक पुडकं उचलत होती. बोटांनी उघडून आतलं पान पाहायची. आतवर पाणी गेलं असेल तर एका बाजूला, नुसतं वरचं ओलं असेल तर दुसऱ्या. तिने एक उचललं, उलटंसुलटं केलं आणि माझ्यापुढे धरलं.

‘हे तुह्यं होय.’

त्या शेतात हजारो पुडकी होती. मी म्हटलं, कशावरून?

‘गाठ पाय ना. ढिली हाये.’

तिने वाक सोडला, वरची दोन डागाळलेली पानं काढली, कडेच्या सुट्या पानांतून दोन चांगली घातली, पुन्हा आवळून बांधलं आणि उन्हात ठेवलं.